बाकावरचे बहुगुणी

दिवाळी उरकली, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, की आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या झाडीपट्टीच्या भागात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. रात्री मंडईच्या जत्रेनिमित्त नाटक आणि दिवसा टेनिस बॉलचे सामने. धसकटं खुरप्याने सारखी केलेली बांधी, चुन्याच्या रेघा, एका टोकाला मंडप, माइकवर धावतं वर्णन करणारा गावातलाच एखादा हौशी. प्रत्येक गावाच्या संघात असा एक जण असतो, ज्याचं नाव अकरात नसतं, पण ज्याच्यावाचून सामना होत नाही. तो धावफलक लिहितो, स्क्वेअर लेगला पंच म्हणून उभा राहतो, तुरीत गेलेला बॉल शोधतो. विकेटकीपरला शेवटची एसटी पकडायची असेल तर ग्लोव्हज चढवतो आणि दुसऱ्या दिवशी कोणी आलंच नाही तर सलामीलाही जातो. हा माणूस चांगला खेळतो की वाईट, हे कोणी नीट सांगू शकत नाही. तो कुठेही चालतो, एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं.

या माणसाला व्यावसायिक खेळात काय भविष्य? उत्तर त्या माणसापेक्षा खेळाच्या नियमपुस्तकात जास्त सापडतं, असं माझं मत आहे. राखीव खेळाडू कसा असावा हे प्रशिक्षक ठरवतो असं आपण समजतो. खरं तर ते आधीच ठरलेलं असतं: संघात किती माणसं न्यायची मुभा आहे, बदली कधी करता येते, बाहेर गेलेला परत आत येऊ शकतो का, आणि आत आलेल्याला काय काय करता येतं.

कबड्डीच घ्या, आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांच्या गल्लीबोळातला खेळ. बारा जणांचा संघ, सात मैदानात, पाच राखीव. बदली करता येते आणि बदललेला खेळाडू पुन्हा आतही घेता येतो. त्यामुळे कबड्डीतला राखीव एकाच कामाचा असला तरी खपतो. डाव्या कोपऱ्यात घोटा धरणारा एक, शेवटच्या पाच मिनिटांत बोनस काढून आणणारा दुसरा. काम झालं की तो बाकावर जातो. एकाच गोष्टीत तरबेज असलेल्याला इथे जागा आहे.

बेसबॉलचं गणित अगदी उलटं. आपल्याकडे शाळा-कॉलेजांत सॉफ्टबॉल खेळला जातो, त्यामुळे त्याच्या या थोरल्या भावाचा आराखडा अनेकांना माहीत असेल. मैदानात नऊ जण: चेंडू फेकणारा पिचर, त्याच्यासमोर बसलेला कॅचर, आतल्या भागात चौघं, बाहेर तिघं. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये २०२०पासून संघ २६ जणांचा असतो. त्यातले तेरापर्यंत तर पिचरच, कारण हंगाम १६२ सामन्यांचा आणि एका खांद्याकडून रोज काम होत नाही. उरले तेरा. पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा एक वेगळा माणूस असतो. तो धरून रोज नऊ खेळतात. बाकावर राहतात चौघं. त्यात एक राखीव कॅचर लागतोच, म्हणजे बाकीच्या तिघांनी मिळून उरलेल्या सात जागा सांभाळायच्या. त्यातच बेसबॉलचा कडक नियम असा की एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. आठव्या डावात तिसऱ्या बेसवाल्याचा पाय मुरगळला आणि तुमच्याकडचा एकमेव बदली आधीच वापरून झाला असेल, तर तुमचं काही खरं नाही.

म्हणून तिथे एक खास जात तयार झाली, युटिलिटी प्लेअर. सेंट लुईस कार्डिनल्सचा होसे ओकेन्डो हा तिचा माझा आवडता नमुना. १९८८च्या एका हंगामात तो नऊच्या नऊ जागांवर खेळला. त्याच वर्षी १४ मे रोजी अटलांटाविरुद्धचा सामना नऊ डावांत सुटेना. मेजर लीगमध्ये सहसा बरोबरी नसते. निकाल लागेपर्यंत खेळायचं. सोळाव्या डावापर्यंत कार्डिनल्सचे पिचर संपले आणि चेंडू ओकेन्डोच्या हातात आला. पिचिंग हे त्याचं काम नव्हतं, तरी तीन डाव त्याने एकही धाव दिली नाही. एकोणिसाव्यात धावा गेल्या आणि संघ हरला. सामना हरल्याची नोंद पिचर म्हणून ओकेन्डोच्या नावावर झाली. तरीही आज त्या मोसमातला ओकेन्डो लोकांना आठवतो, जिंकलेला पिचर किती जणांना आठवत असेल कोण जाणे. या जातीला मान मिळायला मात्र वेळ लागला. मेजर लीगचे गोल्ड ग्लव्ह पुरस्कार जागेनुसार दिले जातात आणि युटिलिटी खेळाडूसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला तो थेट २०२२मध्ये.

आता क्रिकेट. क्रिकेटच्या नियमपुस्तकाने राखीव खेळाडूला जवळजवळ काहीच दिलेलं नाही. बाराव्याने क्षेत्ररक्षण करायचं, पाणी न्यायचं, ग्लोव्हज बदलून द्यायचे. बॅट नाही, बॉल नाही. विकेटच्या मागे उभं राहण्याचीही मुभा फार काळ नव्हती. जुलै १९८६मध्ये लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंडचा यष्टिरक्षक ब्रूस फ्रेंच याला हॅडलीचा चेंडू डोक्याला लागला, तेव्हा मोठीच गंमत झाली. आधी फलंदाज बिल अ‍ॅथी उभा राहिला. मग पंचेचाळीस वर्षांचा बॉब टेलर, जो निवृत्त होऊन त्या दिवशी पाहुण्यांची सरबराई करायला मैदानावर आला होता, त्याला ग्लोव्हज देण्यात आले. पुढे हॅम्पशायरहून बॉबी पार्क्सला बोलावलं. एका डावात तीन बदली यष्टिरक्षक! हे सगळं चाललं ते न्यूझीलंडचा कप्तान जेरेमी कोनी याने उदारपणे परवानगी दिली म्हणून. नियमात ही सवलत आली २०१७मध्ये, तीही पंचांच्या संमतीने. २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात ऋषभ पंतच्या जागी ध्रुव जुरेल यष्टींमागे उभा राहिला तो याच नियमाने. पण बॅटिंग जुरेलला करता येत नव्हती. म्हणून मँचेस्टरला पाय मोडलेल्या पंतलाच लंगडत मैदानात उतरावं लागलं आणि त्याने अर्धशतक काढलं.

अशा खेळात यष्टिरक्षक होणं म्हणजे सगळ्यात अरुंद दारापाशी रांग लावणं. फलंदाजांना पाच-सहा जागा, गोलंदाजांना चार-पाच, यष्टिरक्षकाला एकच. दुसऱ्या क्रमांकाच्या यष्टिरक्षकाला अकरात यायचं तर एकच वाट उरते: दुसरं काहीतरी इतकं चांगलं येत असलं पाहिजे की ग्लोव्हज काढूनही त्याला घ्यावंसं वाटेल.

चंद्रकांत पंडित यांची खेळाडू म्हणून कारकीर्द या वाटेची आहे. १९६१ सालचा मुंबईचा जन्म, रमाकांत आचरेकरांचे शिष्य. भारतासाठी पाच कसोटी आणि छत्तीस एकदिवसीय सामने. आकडे बघून कोणी पान उलटेल. पण त्या पाच कसोटींतली पहिली बघा. जून १९८६, लीड्स. सय्यद किरमाणींचा काळ संपला होता आणि त्याच दौऱ्यात बडोद्याचा किरण मोरे पहिल्या पसंतीचा यष्टिरक्षक झाला होता. दुसऱ्या कसोटीत मोहिंदर अमरनाथ खेळू शकला नाही आणि त्याच्या जागी, म्हणजे निव्वळ फलंदाज म्हणून, पंडित खेळले. ग्लोव्हज मोरेकडेच होते. तो सामना राखीव माणसांसाठी भाग्याचा होता. चेतन शर्मा जखमी झाला म्हणून इंग्लंडमध्येच लीग क्रिकेट खेळत असलेल्या मदनलालला बोलावून घेतलं होतं. त्याने पहिल्या डावात अठरा धावांत तीन बळी घेतले, रॉजर बिन्नीने पाच, आणि इंग्लंड १०२ धावांत आटोपलं. दिलीप वेंगसरकरच्या शतकाची आठवण सगळे काढतात, मदनलालची क्वचित. भारत २७९ धावांनी जिंकला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्ध जो सामना बरोबरीत सुटला, त्यातही मोरे आणि पंडित दोघंही होते. पंडितांनी पहिल्या डावात ३५ आणि दुसऱ्या डावात ३९ धावा काढल्या. ३४८ धावांचा पाठलाग ३४७वर थांबला. डीन जोन्सचं द्विशतक, कपिलचं शतक, गावसकरांचे नव्वद, शेवटी मणिंदर पायचीत, एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण शेवट एका धावेवर आला असताना त्या ३९चं मोल काय होतं, हे ज्याला हिशेब कळतो त्याने करावं.

मग १९८७चा विश्वचषक. ५ नोव्हेंबर, वानखेडे, इंग्लंडविरुद्ध उपांत्य फेरी. वेंगसरकरचं पोट बिघडलं आणि घरच्या मैदानावर पंडितांना अचानक मधल्या फळीत जावं लागलं. त्यांनी २४ धावा केल्या. गूचने स्वीप मारून मारून शतक ठोकलं, भारत ३५ धावांनी हरला. राखीव खेळाडूच्या कपाळी बहुतेक हेच असतं: बोलावणं येतं ते सगळ्यात मोठ्या दिवशी, तयारीला रात्रही मिळत नाही, आणि हरलात तर तुमचे २४ कोणी मोजत नाही. जानेवारी १९९२मध्ये ऑस्ट्रेलियात पंडित शेवटची कसोटी खेळले. किरण मोरेच्या नावावर ४९ कसोटी लागल्या. मुंबई, आसाम आणि मध्य प्रदेशकडून मात्र पंडितांनी प्रथमश्रेणीत आठ हजारांहून जास्त धावा केल्या, २२ शतकं, सरासरी अठ्ठेचाळीसच्या वर. अशी सरासरी असलेला माणूस भारताचा बारावा होतो, यातच त्या अरुंद दाराची कल्पना यावी.

पंडितांचा आपल्याशी संबंध येतो तो इथून पुढे. विदर्भ क्रिकेट संघटनेच्या कक्षेत अकरा जिल्हे येतात, त्यात चंद्रपूर आणि गडचिरोली आहेत. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर, सिरोंच्याचं तर विचारूच नका. आमच्याकडच्या मुलाला निवड चाचणीला जायचं म्हणजे आदल्या दिवशीच निघावं लागतं. अशा मोठ्या, विरळ मुलखातून मुंबईसारखी रांग लागत नाही. १९५०च्या दशकापासून विदर्भ रणजी खेळत होता आणि एकदाही अंतिम फेरी गाठली नव्हती. २०१७मध्ये पंडित प्रशिक्षक म्हणून आले आणि त्याच मोसमात विदर्भ इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीविरुद्ध अंतिम सामन्यात उतरला.

त्या सामन्याची जी गोष्ट सांगितली जाते ती रजनीश गुरबानीच्या हॅट्ट्रिकची. योग्यच आहे, सहा बळी घेतले त्याने पहिल्या डावात. मला मात्र त्या संघयादीतली इतर नावं जास्त बोलकी वाटतात. उमेश यादव भारतीय संघाबरोबर होता, म्हणून अकोल्याच्या कोवळ्या आदित्य ठाकरेने प्रथमश्रेणीतलं पदार्पण थेट रणजीच्या अंतिम सामन्यात केलं. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने आपलं पहिलं प्रथमश्रेणी शतक, १३३ धावा, त्याच दिवशी काढायचं ठरवलं. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने ७९ केल्या, आणि सिद्धेश नेरळने, ज्याला गोलंदाज म्हणून घेतलं होतं, ७४. गोलंदाजांनी धावा केल्या, यष्टिरक्षकाने शतक केलं, आणि ५४७ झाल्या. नऊ गडी राखून जिंकले. पुढच्या वर्षी नागपूरजवळच्या जामठ्याला सौराष्ट्रला हरवून पुन्हा रणजी करंडक. दोन्ही वर्षी इराणी करंडकही.

पंडितांनी काय जादू केली, यावर नागपुरात आजही गप्पा रंगतात. शिस्त कडक होती हे सगळेच सांगतात. माझा अंदाज वेगळा आहे. संघाच्या बाकावर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला बाकावरचे दिसतात. बाराव्या-तेराव्या खेळाडूला काय काय येतं याची यादी त्याच्या डोक्यात आपोआप बनते, कारण स्वतःला अकरात घुसवण्यासाठी त्याने तीच यादी कधीकाळी हजारदा केलेली असते. १९९९मध्ये पंडितांच्या कप्तानीखाली मध्य प्रदेश रणजीच्या अंतिम सामन्यात बेंगळुरूला पहिल्या डावाची आघाडी घेऊन हरला होता. २०२२मध्ये त्याच मैदानावर त्याच मध्य प्रदेशला प्रशिक्षक म्हणून त्यांनी विजेतं केलं, तेही मुंबईला हरवून, आणि त्यांना रडू आवरलं नाही. त्याआधी मुंबईला तीनदा आणि विदर्भाला दोनदा त्यांनी करंडक मिळवून दिला होता. खेळाडू म्हणून पाच कसोटी, प्रशिक्षक म्हणून सहा रणजी.

झाडीपट्टीच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आमच्या रंगभूमीवर रात्रभराचं नाटक, आज एका गावात, उद्या दुसऱ्या. नट वेळेवर पोचला नाही तर पडदा थांबत नाही. ज्याला सगळ्यांचे संवाद येतात तो उभा राहतो. कुरखेडा तालुक्यातले डॉ. परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली ती आठशेच्या आसपास नाटकांतल्या भूमिका आणि हजारो प्रयोगांसाठी. शेती सांभाळून. मुंबईच्या एका नाटकाचे पाचशे प्रयोग करणारा नट आणि हा नट, यांचा तयार होण्याचा मार्गच निराळा.

विदर्भाच्या त्या विजेत्या संघात एक खेळाडू होता जो या सगळ्या चर्चेचा कळस आहे: अक्षय कर्णेवार. फलंदाजी डाव्या हाताने. गोलंदाजी दोन्ही हातांनी! उजव्याने ऑफस्पिन, डाव्याने ऑर्थोडॉक्स फिरकी. सप्टेंबर २०१७मध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात डावखुरा ट्रॅव्हिस हेड समोर आला की एक हात आणि उजवा मार्कस स्टॉयनिस आला की दुसरा, असं त्याने केलं तेव्हा पाहुणे चकित झाले. क्रिकेटच्या नियमात यात अडचण नाही. हात बदलायचा तर पंचाला सांगायचं, पंच फलंदाजाला सांगतो, बस. बेसबॉलला मात्र यासाठी नवा नियम करावा लागला. पॅट व्हेंडिट नावाचा पिचर दोन्ही हातांनी फेकायचा. २००८मध्ये त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणारा खेळाडू आला. हा हात बदले की तो बाजू बदले, तो बाजू बदले की हा हात. पंच कपाळाला हात लावून उभे. अखेर ठरलं की पिचरने आधी हात जाहीर करायचा.

कर्णेवार सरवटे आणि अक्षय वखरे यांच्या मागचा तिसरा फिरकीपटू होता, म्हणजे बहुतेक संघांत बाकावरचाच. पण २०१९च्या रणजी अंतिम सामन्यात डाव घसरलेला असताना खालच्या क्रमांकावर येऊन त्याने नाबाद ७३ केल्या, आणि त्याच महिन्यात इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध १०२. विदर्भाने तो करंडक पहिल्या डावाच्या आघाडीवर राखला, तेव्हा त्या शतकाची किंमत वेगळी सांगायला नको. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी मणिपूरविरुद्धच्या टी-ट्वेंटीत त्याने चार षटकं टाकली. चारही निर्धाव, दोन बळी. टी-ट्वेंटीत असं आधी कोणी केलं नव्हतं. भारताच्या संघात तो आला नाही. दोन्ही हातांनी बरं टाकणाऱ्यापेक्षा एका हाताने फार चांगलं टाकणारा निवड समितीला सोपा वाटतो, आणि मला त्यात निवड समितीची सगळीच चूक दिसत नाही.

अमरावतीच्या जितेश शर्माने वाट जरा हुशारीने काढली. लाल चेंडूच्या क्रिकेटमध्ये वाडकरने जागा पक्की केली, म्हणून जितेश पांढऱ्या चेंडूकडे वळला. आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सच्या बाकावर तो सामना न खेळता बसून होता. विदर्भासाठी सलामीला धावा करणारा हा फलंदाज पुढे सहाव्या-सातव्या क्रमांकावर येऊन शेवटची षटकं फोडणारा बनला, कारण यष्टिरक्षकाची रिकामी खुर्ची तिथे होती. मे २०२५मध्ये लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ करून त्याने बेंगळुरूला २२८चं लक्ष्य गाठून दिलं. त्या दिवशी कप्तानही तोच होता. नेहमीचा कप्तान रजत पाटीदार जखमेमुळे 'इम्पॅक्ट प्लेअर' म्हणून फक्त फलंदाजीला येणार होता.

हा इम्पॅक्ट प्लेअरचा नियम २०२३पासून आयपीएलमध्ये आहे आणि बहुगुणी खेळाडूंच्या पोटावर पाय आणणारा आहे. डावाच्या मध्ये एक फलंदाज काढून एक गोलंदाज घालता येत असेल, तर दोन्ही कामं थोडी थोडी करणाऱ्याला कोण घेणार? क्रिकेट इथे कबड्डीच्या दिशेने सरकलं. आंतरराष्ट्रीय सामन्यांत मात्र दार किलकिलं झालं ते निराळ्या बाजूने. २०१९पासून डोक्याला मार बसल्यास पूर्ण बदली खेळाडू मिळतो, ज्याला बॅट आणि बॉल दोन्ही चालतं. भारतीय क्रिकेट मंडळाने २०२५-२६च्या मोसमापासून देशांतर्गत अनेक दिवसांच्या सामन्यांत गंभीर दुखापतीसाठीही अशी सोय केली आहे. मुख्य अट अशी: बदली 'तशाच प्रकारचा' हवा, आणि तो तसाच आहे की नाही हे सामनाधिकारी ठरवणार.

यावरून भांडणं व्हायचीच. डिसेंबर २०२०मध्ये कॅनबेराला रवींद्र जडेजाऐवजी यजुवेंद्र चहल आला, तीन बळी घेऊन सामनावीर झाला आणि ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक चिडले. ३१ जानेवारी २०२५ला पुण्यात फलंदाजी करून गेलेल्या शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आला. राणा पक्का वेगवान गोलंदाज. त्यानेही तीन बळी घेतले आणि यात 'तसाच' काय, असं जोस बटलरने उघड विचारलं. एका कामाचा माणूस पडला तर सामनाधिकाऱ्याचं काम सोपं आहे. उद्या रणजीत एखादा कर्णेवार जखमी झाला, तर त्याच्या जागी ऑफस्पिनर द्यायचा, डावखुरा फिरकीपटू द्यायचा, की आठव्या क्रमांकावर शतक काढणारा फलंदाज?